वाचकांचे प्रश्न : आरोग्यविमा सोडून शेअरिंग मिनिस्ट्रीकडे वळावे का?

या वेळी अमेरिकेतील वाचकांची एकाच विषयावरील तीन पत्रे निवडली आहेत. समान श्रद्धेच्या लोकांनी एकमेकांची वैद्यकीय बिले वाटून घेण्याची जी पद्धत तिकडे ‘हेल्थ केअर शेअरिंग मिनिस्ट्री’ या नावाने चालते, तिच्याबद्दलची ही पत्रे आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न मूलभूत असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही टेक्ससमध्ये स्थायिक झालेले मराठी ख्रिस्ती कुटुंब आहोत. यजमानांनी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून जुन्या कंपनीचा विमा आम्ही ‘कोब्रा’च्या तरतुदीखाली स्वखर्चाने चालू ठेवला आहे, त्याची अठरा महिन्यांची मुदत आता संपत आली आहे. आम्ही दोघे चाळिशीत आहोत, मुले चौदा आणि नऊ वर्षांची आहेत आणि वर्षाचे उत्पन्न साधारण १,१०,००० डॉलर आहे. चौघांच्या विम्याचा हप्ता महिना १,९०० डॉलरच्या घरात जातो असे दिसते. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, दोन कुटुंबे मात्र एका ख्रिस्ती शेअरिंग मिनिस्ट्रीची सभासद आहेत, महिना ५५० डॉलर भरतात आणि समाधानी आहेत. पाळकसाहेबही त्या संस्थेबद्दल चांगले बोलतात. यजमान म्हणतात की ही आपल्या भिशीसारखीच सोय आहे आणि वर प्रार्थनेचा आधार आहे. मला त्यांचे म्हणणे पटते, पण मनात धास्तीही वाटते. श्रद्धेने घ्यायच्या निर्णयात असा हिशेब करणे योग्य आहे का, आणि करायचा तर कसा करावा?
— एक वाचक भगिनी, टेक्सस

उत्तर : हिशेब करणे योग्यच आहे, आणि त्यामुळे तुमच्या श्रद्धेला कोठेही कमीपणा येत नाही. ज्या वचनाचा आधार या संस्था घेतात ते बायबलच्या गलतीकरांस पत्रातील ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे वचन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त परिचित असेल. त्या आज्ञेतून उभी राहिलेली परंपरा खरी आहे आणि जुनीही आहे. आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती समाजांत आजारपणाचा किंवा आगीचा खर्च सर्वांनी मिळून उचलण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. आजच्या मोठ्या संस्थांपैकी ओहायोतील ख्रिश्चन हेल्थकेअर मिनिस्ट्रीजची सुरुवात १९८१ मधली आहे, मेडी-शेअर १९९३ मध्ये सुरू झाली आणि इलिनॉयमधील समॅरिटन मिनिस्ट्रीजचे वाटप १९९४ पासून चालू आहे. समॅरिटनमध्ये तर सभासद आपली मासिक रक्कम थेट दुसऱ्या गरजू सभासदाला पाठवत आले आहेत, आणि सोबत दोन ओळींचे पत्र व प्रार्थनाही जाते. आजारपणात अनोळखी माणसांची अशी पत्रे घरी येणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचे मोल डॉलरमध्ये करता येत नाही. देशभरात दहा लाखांहून अधिक लोक अशा संस्थांचे सभासद आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची बिले वर्षानुवर्षे व्यवस्थित भागली आहेत.

तरीही, सही करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. सभासदत्वाच्या अर्जावर एक ठळक सूचना छापलेली असते. टेक्सससह सुमारे तीस राज्यांनी या संस्थांना विमा कायद्यातून वगळले आहे, आणि त्या सवलतीची अट म्हणूनच ही सूचना छापावी लागते. तिचा आशय असा असतो की ही संस्था विमा कंपनी नाही, तिची नियमावली म्हणजे विम्याचा करार नाही, तुमच्या बिलासाठी कोणी मदत करणे हे सर्वस्वी त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे, आणि तुम्हाला पैसे मिळोत वा न मिळोत, आपल्या बिलांची जबाबदारी शेवटपर्यंत तुमचीच राहील. बहुतेक लोक या चौकटीवरून नजर फिरवून पुढे जातात, कारण माहितीपत्रकाची बाकीची पाने विम्याच्या माहितीपत्रकासारखीच दिसतात: तीन-चार स्तर, ओळखपत्र, डॉक्टरांची यादी, दरमहाची रक्कम. परंतु कायद्याच्या दृष्टीने सारा व्यवहार त्या चौकटीतच लिहिलेला आहे. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर तुम्हाला त्रयस्थ तपासणी मागण्याचा हक्क असतो, राज्याचे विमा खाते कंपनीच्या गंगाजळीवर लक्ष ठेवते, आणि कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे येतो. शेअरिंग मिनिस्ट्रीच्या सभासदाला यांपैकी एकही संरक्षण नसते.

यजमानांची भिशीची उपमा येथेच अपुरी पडते. भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते, रक्कम ठरलेली असते आणि पाळी आली की ती रक्कम मागण्याचा हक्कही असतो. येथे कोणाची पाळी केव्हा येईल हे माहीत नसते, रक्कम किती लागेल हेही माहीत नसते, आणि मागण्याचा हक्क तर नसतोच.

आता पैशांकडे वळू. मला वाटते की तुमच्या तुलनेतील सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. १,९०० डॉलर ही विम्याची पूर्ण किंमत झाली. तुमच्या उत्पन्नाला ती सगळी भरावी लागण्याचे कारण नाही. सरकारी मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकार चालवत असलेल्या विमाबाजारातून, विमा घेणाऱ्यांना उत्पन्नानुसार करसवलत मिळते. २०२१ पासून देण्यात आलेली वाढीव सवलत कायद्याने २०२५ अखेरपर्यंतच होती. ती गेल्यावर जुनी मर्यादा परत येते, आणि त्या मर्यादेनुसार चौघांच्या कुटुंबाला २०२६ च्या विम्यासाठी १,२८,६०० डॉलर उत्पन्नापर्यंत सवलत मिळू शकते. तुमचे १,१०,००० डॉलर या मर्यादेच्या आत आहेत. या टप्प्यात तुमच्या भागातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर, म्हणजे मधल्या स्तराच्या, योजनेसाठी उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के इतका वाटा तुमच्यावर येतो, म्हणजे महिना ९१५ डॉलरच्या आसपास. ती योजना १,९०० ची असेल, तर वरचे ९८५ डॉलर सवलतीतून जातात. आणि तेवढीच सवलत तुम्ही ब्राँझ, म्हणजे कमी हप्त्याच्या पण खिशातून जास्त खर्चाच्या, योजनेला लावली, तर तुमचा वाटा आणखी खाली येतो. तेव्हा तुलना ५५० आणि १,९०० यांची नसून ५५० आणि ९१५ किंवा त्याहून कमी रकमेची आहे. शिवाय स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला विम्याचा स्वतः भरलेला हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो, आणि २०२६ पासून मार्केटप्लेसमधील ब्राँझ योजनांबरोबर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे उपचारखर्चासाठीचे करसवलतीचे बचतखातेही उघडता येते. सध्याच्या नियमांत शेअरिंग मिनिस्ट्रीला दिलेल्या मासिक रकमेवर यांपैकी कोणताही लाभ मिळत नाही. मात्र व्यवसायाचे उत्पन्न वर्षअखेरीस १,२८,६०० च्या पुढे गेले, तर मिळालेली सगळी सवलत कर भरताना परत करावी लागेल. त्यामुळे उत्पन्नाचा अंदाज आपल्या हिशेबनिसाकडून काळजीपूर्वक काढून घ्यावा.

महिन्याचे जे काही डॉलर वाचतील, त्यांच्या बदल्यात तुम्ही काय सोडता, हा यापुढचा प्रश्न आहे. तो सोडवायला संस्थेची ‘गाइडलाइन्स’ ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नाही. मंडळीतील कुटुंबांचे समाधान हा त्या वाचनाला पर्याय होऊ शकत नाही, विशेषतः त्यांच्यावर अजून मोठ्या बिलाची वेळ आली नसेल तर. त्यांना अवश्य विचारा, पण नेमके विचारा: सर्वांत मोठे बिल किती रकमेचे होते, त्यातील किती वाटले गेले, आणि पैसे हाती यायला किती महिने लागले.

पुस्तिकेत सर्वप्रथम आधीपासूनच्या आजारांचे प्रकरण काढा. विमा कंपनीला २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही. शेअरिंग मिनिस्ट्रीला ते बंधन नाही. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी जुन्या आजाराचा खर्च मुळीच वाटला जात नाही किंवा अगदी थोडा वाटला जातो, पुढच्या दोन वर्षांत मर्यादा हळूहळू वाढते, आणि आजार ठरावीक काळ लक्षणांशिवाय व औषधांशिवाय राहिला तरच तो जुना मानला जात नाही. येथे ‘आजार’ या सदरात काय काय मोडते, तेही बारकाईने पाहा. निदान झालेले नसले तरी लक्षणे आधी दिसली होती, एवढ्यावरून आजार जुना ठरवणाऱ्या नियमावल्या आहेत. तुमच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी छातीत जळजळ होत असल्याची एक ओळ डॉक्टरांच्या नोंदीत असेल, तर उद्या तेथे काही निघाल्यास ती ओळ तुमच्यासमोर ठेवली जाऊ शकते.

त्यानंतर मर्यादा पाहा. कायद्यानुसारच्या विम्यात आवश्यक उपचारांवर वार्षिक किंवा आयुष्यभराची कमाल मर्यादा घालता येत नाही. उलट तुमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर मर्यादा असते, आणि २०२६ साठी ती एका व्यक्तीला १०,६०० व कुटुंबाला २१,२०० डॉलर इतकी आहे. शेअरिंगमध्ये हे चित्र पुष्कळदा उलटे असते. सुरुवातीची रक्कम तुम्ही भरता, मधली वाटली जाते, आणि एका आजाराला सव्वा लाख किंवा अडीच लाख डॉलर अशी कमाल मर्यादा ठेवणारे कार्यक्रम आहेत. तिच्यापुढच्या खर्चासाठी वेगळी वर्गणी भरून वेगळ्या योजनेत सामील व्हावे लागते. कर्करोगाचे दीर्घ उपचार किंवा अपघातानंतर अतिदक्षता विभागातील काही आठवडे यांना सव्वा लाख फार काळ पुरत नाहीत. अशा संस्थेत जायचे ठरवलेच, तर ही वरची वेगळी वर्गणी टाळू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

कायमची औषधे, मानसिक आजारांवरील उपचार, व्यसनमुक्ती, प्रतिबंधक तपासण्या आणि लसी हे खर्च बहुतेक नियमावल्यांत एकतर वगळलेले असतात किंवा काही महिन्यांपुरते मर्यादित असतात. तुमचे मोठे मूल चौदा वर्षांचे आहे, म्हणून मानसिक आरोग्याच्या कलमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कुमारवयात समुपदेशनाची किंवा औषधांची गरज केव्हा पडेल हे कोणत्याच आईवडिलांना आधी सांगता येत नाही, आणि श्रद्धाळू घरांनाही ती पडते. प्रसूतीच्या बाबतीत गर्भधारणा सभासदत्व सुरू झाल्यानंतरची असावी लागते, आणि विवाहाबाहेरील गर्भारपणाचा खर्च अनेक संस्था वाटत नाहीत. तंबाखूबंदी, मद्याविषयीचे नियम, नियमित उपासनेला हजेरी या अटी तुम्हाला जड जाणार नाहीत. पण त्या संपूर्ण कुटुंबाला लागू असतात, आणि मुले मोठी होत आहेत.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय घडते, तेही डोळ्यांसमोर आणा. समजा, तुमच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. नोंदणीच्या खिडकीवर विम्याचे कार्ड मागतात. तुमच्याकडचे कार्ड विम्याचे नसल्यामुळे तुमची नोंद ‘सेल्फ-पे’, म्हणजे स्वतःच पैसे भरणारा रुग्ण, म्हणून होते. तातडीच्या अवस्थेत आलेल्या रुग्णाला तपासून स्थिर करणे आपत्कालीन विभागावर १९८६ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय आगाऊ रक्कम मागू शकते. २०२२ पासून सेल्फ-पे रुग्णाला खर्चाचा लेखी अंदाज मिळण्याचा हक्क आहे. तो अवश्य मागून घ्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालय, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी यांची चार वेगवेगळी बिले चार वेगवेगळ्या तारखांना येतात. प्रत्येकाचे तपशीलवार, कोडसह (उपचारांच्या संकेतांकांसह) बिल तुम्हीच मागवायचे, सवलतीसाठी तुम्हीच फोन करायचे, संस्थेच्या पोर्टलवर सगळे चढवायचे आणि वाटप होईपर्यंत रुग्णालयाच्या हिशेब विभागाला थोपवून धरायचे. काही संस्था यात चांगली मदत करतात. रोख पैसे भरणाऱ्याला मोठी सूटही पुष्कळदा मिळते. तरी हे काम आजारी माणसाच्या घरावर पडते, आणि ते करण्याचा स्वभाव व वेळ घरात कोणाकडे आहे, हे आधीच ठरवलेले बरे.

आणखी एक बाब पत्रकात सहसा सांगितलेली नसते. तुमचे कोब्रा संपेल, त्या तारखेच्या आधी आणि नंतरच्या प्रत्येकी साठ दिवसांत मार्केटप्लेसमध्ये प्रवेश घेण्याची खास संधी तुम्हाला मिळते. ही संधी सोडून तुम्ही मिनिस्ट्रीत गेलात आणि चार महिन्यांनी निर्णय बदलावासा वाटला, तर दार बंद असेल. मिनिस्ट्रीचे सभासदत्व कायद्याने मान्य असा विमा नसल्यामुळे ते सोडणे किंवा गमावणे हे खास प्रवेशाचे कारण ठरत नाही. साधारणपणे राज्य बदलून राहायला गेल्यावरही आधीच्या साठ दिवसांत मान्य विमा होता हे दाखवावे लागते. मग नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहणे आणि जानेवारीपासून विमा सुरू होण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते. एप्रिलमध्ये निदान झालेल्या आजाराला ही वाट फार लांबची असते.

एवढे सांगितल्यावर माझे मत स्पष्टपणे सांगायला हवे. तुमच्या उत्पन्नाला करसवलत मिळत असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी विमा सोडू नये. ब्राँझ योजना घ्यावी, तिच्याबरोबर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट उघडावे, आणि दुसऱ्याचे ओझे वाहण्याची जी ओढ तुम्हा दोघांना आहे ती मंडळीच्या मदतनिधीतून, आजाऱ्यांच्या भेटींतून पूर्ण करावी. उत्पन्न मर्यादेच्या वर गेले आणि सवलत पूर्ण थांबली, तर विचार नव्याने करता येईल. तेव्हाही चौघे निरोगी असावेत, नियमित औषध कोणालाच नसावे, किमान पंचवीस-तीस हजार डॉलर हाताशी असावेत, संस्था १९९९ च्या आधीपासूनची असावी आणि तिचा स्वतंत्र लेखापरीक्षण अहवाल तुम्ही स्वतः मागवून पाहिलेला असावा. २०१० च्या आरोग्य कायद्यात मान्य शेअरिंग मिनिस्ट्रीची जी व्याख्या आहे, तिच्यात ३१ डिसेंबर १९९९ पासून अखंड वाटप चालू असणे, सभासद आजारी पडल्यावरही त्याचे सभासदत्व कायम ठेवणे आणि मागेल त्याला वार्षिक लेखापरीक्षण दाखवणे या अटी आहेत. पाळकसाहेबांचा शब्द सद्हेतूने आलेला आहे यात शंका नाही. पण अहवाल वाचण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी एच-वन-बी व्हिसावर असून माझी कंपनी लहान असल्याने विमा देत नाही. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. अलीकडे एका एजंटचा फोन आला. त्याच्या संस्थेत सर्व धर्मांच्या लोकांना प्रवेश आहे, वैद्यकीय प्रश्न विचारले जात नाहीत, मधुमेहही ‘कव्हर’ होतो आणि राज्याचा दंडही लागत नाही, असे त्याने सांगितले. आम्ही हिंदू आहोत. आम्हाला हे चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. तुमच्या बाबतीत हे उत्तर एका शब्दात देता येते, कारण ते मधुमेहापाशीच संपते. रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची तपासणी हा तुमचा ठरलेला खर्च आहे, आणि जुन्या आजाराच्या नियमात नेमका तोच बाहेर राहतो. पुढे मधुमेहातून उद्भवलेला हृदयविकारही त्याच नियमात ओढला जाऊ शकतो.

धर्माचा मुद्दा मात्र समजून घेण्यासारखा आहे. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत ‘समान नैतिक किंवा धार्मिक श्रद्धा’ असे शब्द आहेत, त्यामुळे केवळ नैतिक तत्त्वांच्या निवेदनावर सही घेऊन सर्वांना प्रवेश देणाऱ्या संस्था आहेत. ज्यू परंपरेतील एक संस्थाही आहे. परंतु जुन्या ख्रिस्ती संस्था सभासदाकडून ख्रिस्तावरील श्रद्धेचे निवेदन मागतात. मनात नसलेल्या श्रद्धेवर केवळ स्वस्त पडते म्हणून सही करणे हे तुमच्यावरही अन्याय करणारे आहे आणि त्यांच्यावरही. शिवाय असे खोटे निवेदन उद्या सभासदत्व रद्द होण्याचे कारण ठरू शकते.

एजंटच्या शब्दांबद्दल सावध राहा. अनेक राज्यांच्या नियामकांनी २०१९ मध्ये ॲलिएरा या कंपनीवर कारवाई केली. टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी त्याच वर्षी तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ॲलिएरा ज्या ट्रिनिटी हेल्थशेअर संस्थेच्या नावाने योजना विकत होती, ती २०१८ मध्ये स्थापन झालेली होती, म्हणजे १९९९ ची अट तिला पूर्ण करताच येत नव्हती. तीच संस्था पुढे शॅरिटी मिनिस्ट्रीज या नावाने ओळखली जाऊ लागली आणि जुलै २०२१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या सभासदांची रुग्णालयांची बिले त्यांच्याच नावावर राहिली. हे लोक निष्काळजी नव्हते. त्यांना कोणीतरी फोनवर ‘कव्हर’ हा शब्द वापरून विश्वास दिला होता.

न्यू जर्सीत २०१९ पासून विमा नसल्यास राज्याचा दंड आहे. शेअरिंग मिनिस्ट्रीच्या सभासदांना मिळणारी सूट केंद्रीय व्याख्येत बसणाऱ्या संस्थांपुरती आहे, तेव्हा एजंटच्या संस्थेचे स्थापनावर्ष आधी विचारा. तुमच्यासाठी योग्य जागा म्हणजे राज्याचे ‘गेट कव्हर्ड एनजे’ हे मार्केटप्लेस. कायदेशीर वास्तव्य असलेल्या एच-वन-बी धारकांना तेथे विमा घेता येतो, आणि उत्पन्न बसत असेल तर २०२६ साठी केंद्राची करसवलतही मिळते. २०२५ च्या नव्या कायद्याने ही सवलत २०२७ पासून मुख्यतः ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांच्यापुरती उरणार आहे. त्यानंतर विमा मिळेल, पण पूर्ण हप्ता भरावा लागेल. म्हणून पुढच्या वर्षभरात विमा देणारी नोकरी शोधणे हा तुमच्या दृष्टीने आरोग्याचाच निर्णय ठरतो.

प्रश्न : मी ओहायोत असते आणि तीन वर्षांपासून एका मिनिस्ट्रीची सभासद आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे बिल संस्थेने ‘जुना आजार’ म्हणून नाकारले आहे. मला तर सभासद होण्यापूर्वी काहीच त्रास नव्हता. रुग्णालयाकडून स्मरणपत्रे येत आहेत. आता काय करू? बिल क्रेडिट कार्डावर भरून मोकळे व्हावे असे मुलगा म्हणतो.
— एक वाचक भगिनी, ओहायो

उत्तर : क्रेडिट कार्डावर भरू नका, निदान आत्ता तरी नको. रुग्णालयाचे देणे कार्डावर गेले की ते साधे ग्राहककर्ज होते, त्यावर व्याज सुरू होते, आणि वैद्यकीय देणे म्हणून मिळणारी सगळी संरक्षणे निघून जातात.

दोन आघाड्यांवर एकाच वेळी काम करावे लागेल. पहिली आघाडी संस्थेची. नकार कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या वैद्यकीय नोंदीच्या आधारे दिला, हे लेखी मागवा. बहुतेक वेळा असा निर्णय जुन्या कागदातील एखाद्या ओळीवर उभा असतो: ‘पोटाच्या खालच्या भागात ओढल्यासारखे वाटते’ अशी तक्रार कोण्या वार्षिक तपासणीत लिहिली गेलेली असते. त्या डॉक्टरांकडून पूर्ण नोंद मिळवा, आणि त्या वेळी तपासणीत हर्निया आढळला नव्हता असे असल्यास तसे पत्र शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडून घ्या. त्यासह संस्थेच्या अंतर्गत अपिलाची मुदत पाळून अर्ज करा. काही संस्थांत अपील इतर सभासदांच्या समितीपुढे जाते, आणि त्यानंतर मध्यस्थी किंवा लवाद असतो. थेट न्यायालयात न जाण्याचे तुम्ही सभासद होताना मान्य केले असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या सभासदत्वाचे तिसरे वर्ष पूर्ण झाले असेल, तर जुन्या आजाराची मर्यादा त्या तारखेला संपते का, हेही नियमावलीत पाहा. आजार जुना मानला तरी तो वाटपास पात्र ठरलेला असू शकतो. संस्थेने दिशाभूल केली असे वाटत असल्यास राज्याच्या विमा खात्याकडे आणि महाधिवक्त्यांच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवा. विमा खात्याचे अधिकार येथे तोकडे आहेत, तरीही तक्रारीची नोंद राहणे महत्त्वाचे आहे.

दुसरी आघाडी रुग्णालयाची, आणि मला तुमची अधिक आशा येथे वाटते. रुग्णालय विनानफा तत्त्वावरचे असेल, तर त्याला केंद्रीय करकायद्यानुसार आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. घरी सोडल्यानंतरचे पहिले बिल ज्या तारखेचे असेल, तेव्हापासून २४० दिवस तुमचा साहाय्याचा अर्ज त्यांना स्वीकारावा लागतो, आणि पहिले १२० दिवस खटला भरणे किंवा पतनोंदीत तक्रार घालणे अशी कडक वसुली त्यांना करता येत नाही. अर्ज मंजूर झाला, तर विमाधारकांकडून सर्वसाधारणपणे जेवढी रक्कम घेतली जाते त्याहून जास्त आकारता येत नाही. आजच हिशेब विभागाला फोन करून अर्ज मागवा आणि कोडसह तपशीलवार बिलही मागा. अपील चालू आहे हे त्यांना लेखी कळवा.

शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मिळाला होता का, तोही शोधून काढा. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेने फुगलेले असेल, तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांत २५ डॉलर शुल्क भरून केंद्र सरकारच्या तंटानिवारण व्यवस्थेकडे जाता येते. ही तुलना प्रत्येक डॉक्टरच्या आणि रुग्णालयाच्या बिलाची वेगवेगळी करायची असते, एकूण बेरजेची नव्हे. पतनोंदीची भीती मनातून थोडी कमी करा: तीन मोठ्या पतसंस्था एक वर्षाच्या आतले, फेडलेले किंवा ५०० डॉलरपेक्षा कमी असलेले वसुलीचे वैद्यकीय देणे आपल्या अहवालात दाखवत नाहीत. तेव्हा पहिल्या बिलाची तारीख कॅलेंडरवर लिहून १२० आणि २४० दिवसांच्या दोन्ही तारखा मोजून ठेवा, आणि साहाय्याचा अर्ज याच आठवड्यात पोस्टाने पाठवून त्याची पोच जपून ठेवा.